आसनांचा हिशेब आणि बिदरचे आकाश

बिदर शहरास लागून असलेल्या नौबादेच्या भूगर्भात, बहामनी अंमलात, पंधराव्या शतकात खोदलेला जो सुमारे तीन किलोमीटरांचा कारेझ आहे, त्याच्या उभ्या विवरांतून खाली पाहिले असता मनात प्रथम येते ते हे की, इराणी भूमीतून आलेली ती जलविद्या येथील जांभ्या दगडाची जात, जमिनीचा उतार आणि झऱ्याची धाव यांची पारख करूनच बेतली गेली होती. याच बिदरच्या आकाशात कोणते प्रवासी विमान आणावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ज्यांच्यापुढे उभा राहिला, त्यांनाही तीच पारख करावी लागली आहे; आणि ती कितपत साधली, हे पाहणे सीमाभागातील आम्हा मराठी माणसांच्या जिव्हाळ्याचे आहे.

विमान ही या मुलखाला नवलाईची वस्तू कधीच नव्हती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्याचे बिदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे भाग होते, संस्थानी रेल्वे आणि टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ साली डेक्कन एअरवेज स्थापन झाली होती. महायुद्ध संपल्यावर स्वस्तात उपलब्ध झालेली डकोटा विमाने हाच त्या काळच्या बहुतेक कंपन्यांचा आधार होता, आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ही कंपनीही इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढे बिदरच्या धावपट्टीवर वायुसेनेच्या शिकाऊ वैमानिकांच्या पिढ्या घडल्या, १९९६ साली सूर्यकिरण हे कसरतपथक येथेच जन्मले. परंतु बिदरचा रहिवासी मात्र विमानात बसण्यासाठी हैदराबादची वाट धरीत राहिला. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापासून दीडशे किलोमीटरांच्या आत दुसरा नागरी विमानतळ नको, ही तेथील करारनाम्यातील अट बिदरच्या मार्गात दीर्घकाळ अडसर होऊन बसली होती. अखेर ७ फेब्रुवारी २०२० रोजी येथील नागरी विमानतळ सुरू झाला आणि ट्रूजेट या कंपनीचे एटीआर ७२ जातीचे विमान बेंगळुरूस जाऊ लागले.

एटीआर हे पंख्याचे विमान. कमी अंतरावर त्याच्याइतके अल्प इंधन जाळणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल, आणि इंधनाचा वाटा विमानकंपनीच्या एकूण खर्चात तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जात असल्यामुळे हा गुण क्षुल्लक नव्हे. तरीही २०२२ च्या आरंभी ट्रूजेट बंद पडली. यंत्र मितव्ययी असले म्हणजे धंदा तगतोच असे नाही, हा पहिला धडा बिदरकरांना असा मिळाला.

त्याच वर्षी स्टार एअर येथे आली. कोल्हापूर जिल्ह्यातील संजय घोडावत उद्योगसमूहाची ही कंपनी २०१९ च्या जानेवारीत बेंगळुरू-हुबळी मार्गावर सुरू झाली होती, आणि त्याच वर्षीच्या २२ नोव्हेंबरला कलबुर्गीचा विमानतळ उघडला तेव्हा बेंगळुरूहून तेथे पहिले विमान तिनेच आणले. तिच्याजवळ तेव्हा ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीची ५० आसनांची १४५ जातीची विमाने होती : एका बाजूस एक, दुसऱ्या बाजूस दोन अशा आसनांची, निमुळती आणि वेगवान. २०२३ पासून तिने त्याच कारखान्याची १७५ जातीची, ७६ आसनांची विमाने भाडेपट्ट्याने घेतली. एकच मार्गिका आणि दोन्ही बाजूंस दोन-दोन आसने असल्यामुळे त्यांत मधल्या आसनावर कोणाला अंग चोरून बसावे लागत नाही.

ही निवड समजण्यासाठी इंजिनाकडे पाहावे लागते. आधुनिक जेट इंजिनात पुढचा पंखा जी हवा ओढतो, तिचा थोडाच अंश ज्वलनाच्या गाभ्यात शिरतो. उरलेली हवा गाभ्याला वळसा घालून मागे फेकली जाते, आणि पुष्कळ हवा थोड्या वेगाने लोटणे हे थोडी हवा प्रचंड वेगाने लोटण्यापेक्षा कमी खर्चाचे असल्यामुळे वळशाच्या हवेचे प्रमाण जितके मोठे तितके इंधन वाचते. एम्ब्राएर १७५ च्या जनरल इलेक्ट्रिक इंजिनात हे प्रमाण पाचास एक आहे; एअरबस ए३२० निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात, पंखा दंतचक्रांच्या योगाने संथ फिरवून, ते बारास एक एवढे नेले आहे, आणि तशी विमाने जुन्या पिढीपेक्षा पंधरा टक्क्यांहून अधिक इंधन वाचवितात.

मग स्टार एअरने अद्ययावत विमान का घेतले नाही? ज्याचा खरोखर विचार करता आला असता असे, याच आकाराचे नव्या इंजिनाचे ई१७५-ई२ हे विमान २०१९ च्या डिसेंबरात उडाले खरे, पण अमेरिकेतील वैमानिक संघटनांच्या करारांत प्रादेशिक विमानाच्या वजनावर जी मर्यादा आहे ती ओलांडल्यामुळे त्यास गिऱ्हाईक मिळेना आणि त्याचे काम थांबले. शिवाय नवे इंजिन म्हणजे निर्विघ्न इंजिन नव्हे : मुंबईच्या वाडिया समूहाच्या गो फर्स्टने २०२३ च्या मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आपली सुमारे निम्मी निओ विमाने इंजिनांअभावी जमिनीवर खोळंबल्याचेच कारण पुढे केले होते. उभ्या विमानाची इंधनबचत कोणाच्या उपयोगाची?

माझ्या मते निर्णायक गोष्ट आहे ती आसनांच्या संख्येची. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानास सरकारी विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ आहे. प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या उडान योजनेत निम्मी आसने सवलतीच्या दराने द्यावयाची, पण चाळीसपेक्षा अधिक नाहीत, आणि तुटीची भरपाई सरकारने फक्त तीन वर्षे करावयाची, असा दंडक आहे. ७६ आसनांचे विमान या चौकटीत जवळजवळ मापून बसते. वैमानिक मात्र ५० आसनांस दोन लागतात तसे ७६ आसनांसही दोनच लागतात. हा हिशेब काही प्रथमच मांडला गेला नव्हता. तामिळनाडूच्या पॅरामाउंट एअरवेजने २००५ साली एम्ब्राएर १७० व १७५ हीच विमाने आणली होती, आणि चाळीस टनांहून कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावरील विक्रीकर मर्यादित करणारी २००७ ची तरतूद अशा विमानांच्या पथ्यावर पडणारी होती. पॅरामाउंट २०१० साली थांबली, विजयवाड्याची एअर कोस्टा २०१७ साली. तेव्हा विमानाची निवड शहाणपणाची असूनही मार्गावर माणसे नसतील, किंवा पाठीशी भांडवल नसेल, तर गत काय होते, याचे दाखले दक्षिणेतच आहेत.

बिदरलाही त्याची झळ लागली. २०२३ च्या अखेरीस येथील सेवा बंद झाली. राज्य सरकारने तुटीचा भार उचलल्यावर २०२५ च्या एप्रिलात ती पुन्हा सुरू झाली. बेंगळुरू येथून हवाई मार्गाने सव्वापाचशे किलोमीटर, रस्त्याने मात्र सातशेच्या आसपास. रुग्ण, विद्यार्थी, न्यायालयाच्या तारखेस निघालेला पक्षकार यांच्या दृष्टीने हा फरक एका संपूर्ण रात्रीचा आहे. ज्या विमानाच्या येण्याची शाश्वती नाही त्याच्या भरवशावर कोणी तारीख ठरवीत नाही, आणि तारीख कोणी ठरवीत नाही म्हणून आसने रिती जातात.

म्हणून इंधनाची काटकसर दर किलोमीटरास मोजण्याऐवजी भरलेल्या आसनामागे मोजली पाहिजे, आणि आसने कोण भरील याची मोजणी करताना राज्याच्या हद्दीपाशी थांबता कामा नये. भालकी, औराद, बसवकल्याण येथील मराठी कुटुंबांप्रमाणेच उदगीर आणि देगलूरच्या माणसालाही बिदर जवळ पडते. त्याचे नातेवाईक पुण्या-मुंबईस असतात. २०२४ पासून नांदेडहूनही स्टार एअरची विमाने उडत आहेत. नांदेड, बिदर आणि कलबुर्गी या तीन धावपट्ट्यांचा प्रवासी एकत्र धरून, कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी तुटीचा वाटा आपसांत उचलून, एकाच ७६ आसनी विमानाचा पुण्यापर्यंतचा फेरा आखावा, आणि तीन वर्षांची मुदत संपताच तो गुंडाळला जाणार नाही अशी तजवीज आरंभीच्या करारात करावी, एवढी मागणी दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांत सीमाभागाच्या प्रतिनिधींनी करावयास हवी.