विक्री, खप आणि वापरकर्ते : कन्सोल-निर्मात्यांच्या अहवालांतील काही शब्दांचा विचार

कंपनीने आपल्या भागधारकांपुढे ठेवावयाचा अहवाल हा अंकांचा दस्तऐवज असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. अंक नेहमी कोणत्या तरी नामाला चिकटून येतो, आणि त्या नामाची व्याप्ती ठरल्यावाचून अंकाला अर्थ प्राप्त होत नाही. 'पन्नास लाख' एवढ्याने काहीच कळत नाही. पन्नास लाख काय, ते कोणाकडून कोणाकडे गेले आणि कोणत्या मुदतीत, हे कळल्यावरच ती माहिती ठरते. दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून किंवा हातात धरून खेळावयाच्या यंत्रास गेमिंग कन्सोल म्हणतात. ही यंत्रे तयार करणाऱ्या निन्टेंडो, सोनी व मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांचे गेल्या सुमारे वीस वर्षांतील अहवाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. या अवधीत त्यांच्यातील अंक जितके बदलले, तितकीच अंकांना जोडलेली नामेही बदलली.

कन्सोल कारखान्यातून निघते, कंपनीच्या विक्रीशाखेच्या गोदामात येते, तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे वा मोठ्या दुकानाकडे जाते आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचते. या मार्गावर कोठेही उभे राहून यंत्रे मोजता येतात, आणि जागा बदलली की संख्या बदलते. इंग्रजी व्यापारी परिभाषेत दुकानदाराला केलेल्या विक्रीस 'सेल-इन' व गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीस 'सेल-थ्रू' म्हणतात. जपानी भाषेनेही ही जोडी जशीच्या तशी उसनी घेतली आहे. मराठीला मात्र ती उसनी घेण्याचे कारण नाही. 'विक्री' आणि 'खप' हे दोन शब्द आपल्या बाजारपेठांत पूर्वापार चालत आलेले असून त्यांच्यातील भेद व्याकरणातच रुजलेला आहे. 'विकणे' हे सकर्मक क्रियापद आहे. त्याला विकणारा कर्ता लागतो. 'खपणे' हे अकर्मक आहे. माल आपण होऊन खपतो, विकणाऱ्याने तो खपवावयाचा म्हटले तर प्रयोजक रूप योजावे लागते. म्हणून घाऊक व्यापारी "माल विकला" असे म्हणू शकतो आणि त्याच वेळी किरकोळ दुकानदार "माल खपला नाही" अशी तक्रार करू शकतो. दोघेही खरेच बोलत असतात. (शेतात खपणे आणि रांगड्या बोलीत मरणे हे 'खपणे'चे अन्य अर्थ येथे प्रस्तुत नाहीत, पण झिजून संपण्याची छटा तिन्हींत आहे.) प्रस्तुत लेखात 'सेल-इन'साठी विक्री व 'सेल-थ्रू'साठी खप हेच शब्द योजले आहेत.

या भेदाच्याही अलीकडची एक पायरी सोनीच्या अहवालांत दीर्घकाळ होती. मार्च २००७ पर्यंत ही कंपनी प्लेस्टेशन यंत्रांचा आकडा 'उत्पादन-रवानगी' या शीर्षकाखाली देत असे. म्हणजे मोजणी कारखान्याच्या दाराशी होई. एप्रिल २००७ पासून सुरू झालेल्या हिशेबी वर्षात तिने ही पद्धत सोडून नोंदलेली विक्री देण्यास प्रारंभ केला. या बदलाचे महत्त्व किती होते, हे प्लेस्टेशन ३ च्या पहिल्या वर्षावरून ध्यानात येते. नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्राची मार्च २००७ अखेरची संख्या जुन्या मोजणीने सुमारे ५५ लाख होती, तर नव्या मोजणीने सुमारे ३६ लाख. यंत्र तेच आणि मुदतही तीच. तरी जवळजवळ १९ लाखांचे अंतर केवळ एका नामाच्या बदलाने निर्माण झाले. जुना आकडा खोटा होता असे म्हणता येणार नाही. तो एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होता, आणि तो प्रश्न शीर्षकात लिहिलेला असूनही वाचणारे 'रवानगी'च्या जागी मनातल्या मनात 'विक्री' वाचीत.

आता सर्वच अहवालांत मुख्य आकडा खपाचा का नसतो, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर हिशेबशास्त्रात आहे. मालावरील ताबा दुकानदाराकडे गेला की कंपनीच्या दृष्टीने विक्री पूर्ण होते व रक्कम उत्पन्नात जमा होते. ते यंत्र पुढे चार दिवसांत गिऱ्हाइकाने नेले काय किंवा सहा महिने फळीवर पडून राहिले काय, त्या उत्पन्नात फरक पडत नाही. यंत्रांची संख्या ही उत्पन्नाच्या आकड्याची जोडीदार असल्याने ती त्याच जागी मोजली जाते. ही पद्धत सयुक्तिक आहे. परंतु दुकानातील फळ्या भरत असताना ती परिस्थितीचे चित्र प्रत्यक्षाहून उजळ दाखविते आणि फळ्या भरून गेल्यानंतर प्रत्यक्षाहून काळवंडलेले दाखविते.

निन्टेंडोच्या वी यू या यंत्राचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण आहे. वी यू १८ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेत विक्रीस आले. ३१ डिसेंबरपर्यंतच्या सहा आठवड्यांत कंपनीने ३० लाख ६० हजार यंत्रांची विक्री नोंदविली. नाताळचा हंगाम धरूनही हा आकडा निराशाजनक म्हणण्याजोगा नव्हता. तथापि त्याच वेळी, जानेवारी २०१३ मध्ये, कंपनीने मार्चअखेरचा आपला अंदाज ५५ लाखांवरून ४० लाखांवर आणला. गेल्या तिमाहीचा आकडा समाधानकारक असताना पुढचा अंदाज का उतरावा, हे कोडे विक्री व खप यांतील भेद लक्षात घेतला की सुटते. माल दुकानांत पोचला होता; तेथून तो त्या वेगाने हलत नव्हता. मार्चअखेर एकूण विक्री ३४ लाख ५० हजार झाली; म्हणजे जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत अवघी ३ लाख ९० हजार यंत्रे दुकानदारांनी घेतली. एप्रिल ते जून २०१३ या तिमाहीत तर जगभरची विक्री १ लाख ६० हजारांवर आली, आणि त्यांपैकी जपान व अमेरिका खंड सोडून उर्वरित जगाच्या वाट्याला केवळ १० हजार यंत्रे होती. उर्वरित जगात तीन महिन्यांत दहा हजारच गिऱ्हाइके मिळाली, असा याचा अर्थ नव्हे. दुकानांत आधीच माल पडून असल्याने दुकानदार नवा माल उचलीत नव्हते. विक्रीचा आकडा येथे खपाहून खाली गेला. मागील तिमाहीत तो जितका फुगला होता, तितकी भरपाई त्याला आता करावी लागत होती.

असे असूनही मार्च २०१४ अखेर संपणाऱ्या वर्षासाठी कंपनीने ९० लाखांचा अंदाज दिला होता. १७ जानेवारी २०१४ रोजी तो एकदम २८ लाखांवर आणण्यात आला, आणि १०० अब्ज येन कार्यकारी नफ्याच्या जागी ३५ अब्ज येन तोटा अपेक्षित असल्याचे जाहीर झाले. पुढील व्यवहाराच्या दिवशी समभागांचा भाव मोठ्या प्रमाणात उतरला. प्रत्यक्ष विक्री २७ लाख २० हजार झाली. ज्यांनी केवळ पहिल्या सहा आठवड्यांच्या आकड्यावर भिस्त ठेवून पैसा गुंतविला असेल, त्यांच्या दृष्टीने शब्दार्थाचा हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय राहिला नसेल.

खपाचे आकडेही कंपन्या अधूनमधून देतात. परंतु ते बहुधा स्वतंत्र घोषणेच्या रूपाने आणि सोयीच्या दिवशी येतात. प्लेस्टेशन ५ चा खप ९ डिसेंबर २०२३ रोजी ५ कोटींवर गेल्याचे सोनीने जाहीर केले. तर ३१ डिसेंबर २०२३ अखेरची एकूण विक्री ५ कोटी ४८ लाख भरते. या दोहोंची वजाबाकी करून ४८ लाख यंत्रे दुकानांत पडून होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण मधल्या तीन आठवड्यांत नाताळची खरेदी होऊन गेली. दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी नाम आणि तारीख दोन्ही जुळतात की नाही, हे पाहावेच लागते. कधी कधी नामच इतके रुंद केले जाते की तुलना अशक्य व्हावी. मार्च २०१३ अखेरच्या वर्षी सोनीने प्लेस्टेशन २ व ३ यांची एकत्र आणि पीएसपी व व्हिटा या हाती धरावयाच्या यंत्रांची एकत्र अशी संख्या देण्यास सुरुवात केली. त्यामुळे मंद चालणाऱ्या व्हिटाचा हिशेब तिच्या थोरल्या भावंडाच्या पाठीमागे दडून गेला.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत आपल्याकडे 'खप' याच शब्दाने विकल्या गेलेल्या प्रती मोजल्या जातात, आणि ती संख्या प्रमाणित करण्यासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था मुंबईतून काम करते. कन्सोलच्या जागतिक खपाला असा त्रयस्थ दाखला नाही. लेखापरीक्षक प्रामुख्याने रकमा तपासतात. यंत्रांची व खेळणाऱ्यांची संख्या ही पुरवणी माहिती असते.

यंत्रांच्या संख्येकडून खेळणाऱ्यांच्या संख्येकडे अहवालांचा ओघ वळला, त्याला सबळ कारण आहे. कन्सोलवर मिळणारा नफा बेताचाच असतो, पुष्कळदा तो मुळीच नसतो. खरी कमाई खेळांच्या व सेवांच्या विक्रीतून होते. अर्थात् किती यंत्रे विकली याहून किती माणसे खेळत आहेत, हा प्रश्न गुंतवणूकदाराला अधिक उपयुक्त होय. अडचण 'माणसे' या शब्दात आहे, कारण कोणतीही कंपनी माणसे मोजीत नाही. ती खाती मोजते. सोनीचा 'मासिक सक्रिय वापरकर्ता' म्हणजे तिमाहीच्या अखेरच्या महिन्यात प्लेस्टेशन नेटवर्कवर खेळलेले किंवा तेथील सेवा वापरलेले खाते, आणि ही संख्याही अंदाजित असते. डिसेंबर २०२३ मध्ये ती १२ कोटी ३० लाख होती, तर मार्च २०२४ मध्ये ११ कोटी ८० लाख. डिसेंबर हा सुट्यांचा महिना असल्याने त्याची तुलना मार्चशी न करता मागील डिसेंबरच्या ११ कोटी २० लाखांशी करणे योग्य. शिवाय ही संख्या एकट्या प्लेस्टेशन ५ ची नसून तिच्यात प्लेस्टेशन ४ चे खेळाडूही आहेत.

निन्टेंडोने 'वार्षिक खेळते वापरकर्ते' असे माप पत्करले आहे: बारा महिन्यांत स्विचवरील खेळ एकदा तरी उघडलेली खाती. महिना आणि वर्ष या दोन जाळ्यांची भोके सारखी नसतात. वर्षातून एकदा दिवाळीत पत्ते खेळणाराही वार्षिक मोजणीत खेळाडू ठरेल, मासिक मोजणीत बहुधा ठरणार नाही. मार्च २०२४ अखेर स्विचची एकूण विक्री १४ कोटी १३ लाख २० हजार होती व वार्षिक खेळते वापरकर्ते १२ कोटींहून अधिक होते. यावरून दर सात यंत्रांपैकी सहा वापरात आहेत, असा हिशेब मात्र मांडू नये. एका घरातील एका यंत्रावर तीन खाती असू शकतात आणि एका खात्यामागे दोन यंत्रेही असू शकतात.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१५ मध्ये एक्सबॉक्स यंत्रांची संख्या देणे बंद केले व मासिक सक्रिय वापरकर्त्यांचे माप पुढे केले. त्या वेळी तिचे यंत्र प्लेस्टेशन ४ च्या मागे पडलेले होते. कंपनीने दिलेले कारण, की सेवांचा व्यवसाय केवळ यंत्रसंख्येने मोजता येत नाही, खरेच होते. आणि ते सोयीचेही होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करण्यास हरकत नसावी. पुढे याही मापाची व्याप्ती वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये सांगितलेल्या ५० कोटी मासिक वापरकर्त्यांत संगणकावर व भ्रमणध्वनीवर खेळणारेही आहेत, आणि मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही मोठी कंपनी विकत घेतली गेलेली आहे. गेम पास या वर्गणीचे सभासद जानेवारी २०२२ मध्ये अडीच कोटी व फेब्रुवारी २०२४ मध्ये ३ कोटी ४० लाख होते, असे सांगण्यात आले. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड या जुन्या वर्गणीचे नामांतर गेम पास कोअर असे होऊन तिचे सभासद दुसऱ्या आकड्यात आले होते. अमेरिकेच्या रोखेबाजार-नियामकाने जानेवारी २०२० मध्ये अशा मापांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. मापाची व्याख्या द्यावी, ते कसे काढले ते सांगावे आणि पद्धत बदलल्यास बदल व त्याचे कारण नमूद करावे, असा त्याचा आशय आहे. मात्र ३ कोटी ४० लाखांचा आकडा आर्थिक अहवालात न येता कंपनीच्या एका ध्वनिमुद्रित कार्यक्रमातून आला.

एकच वक्ता श्रोता बदलला की कसा वेगळे बोलतो, याचाही नमुना येथे मिळतो. अॅक्टिव्हिजनच्या खरेदीस मान्यता मिळावी म्हणून ब्राझीलच्या स्पर्धा-नियामकापुढे मायक्रोसॉफ्टला आपण बलाढ्य नसल्याचे दाखवावयाचे होते. २०२२ मध्ये प्रकाशात आलेल्या तेथील निवेदनात, मागील पिढीत सोनीने आपल्या दुपटीहून अधिक कन्सोल विकली, अशी कबुली तिने दिली. तो आकडा नव्हता, केवळ गुणोत्तर होते. परंतु २०१५ नंतरच्या भागधारकांसाठीच्या त्रैमासिक अहवालांत तेवढेही आढळत नाही.