कारणे दाखवा

गिरणीची पहिली पाळी उरकून, खोलीवर हातपाय धुऊन, खानावळीतले चार घास घाईघाईने पोटात ढकलून जो मनुष्य परळच्या एका रात्रशाळेत सातच्या ठोक्याला येऊन बसे, त्याला समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान का असतात हे शिकविण्याचे काम 1970 च्या सुमारास काही वर्षे माझ्याकडे होते. आणि त्या कामातल्या अपयशाची पहिली पावती मला मिळाली ती एका साचेवाल्याच्या वहीत. डावीकडे 'विधान', उजवीकडे 'कारण' असे दोन रकाने आखलेले, विधाने सगळी अचूक, आणि कारणांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर : 'आकृतीत दिसते म्हणून'. मी लाल शाईने भली मोठी फुली मारली. त्याने शांतपणे तेच पान फाडले, त्यातून एक त्रिकोण कापला, मधोमध घडी घालून कोनावर कोन बसविला आणि म्हणाला, “सर, बसतोय की बरोबर. आता आणखी कारण ते कसलं?”

मुंबईत मराठी भूमिती जन्मली तीच मुळी कृतीकडे झुकलेली. 1822 साली स्थापन झालेल्या आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ख्यात झालेल्या संस्थेचे चिटणीस कॅप्टन जर्व्हिस हे पेशाने इंजिनिअर; वुलिचच्या लष्करी विद्यालयासाठी हटनने रचलेला गणितग्रंथ त्यांनी शास्त्रीमंडळींच्या साह्याने मराठीत उतरविला, आणि त्याच खटाटोपातल्या 'कर्तव्यभूमिती' या पुस्तकाचे नावच सांगते की लंब टाकावा कसा, कोन दुभागावा कसा, हे तिथे प्रधान; तो लंब लंबच का ठरतो, ही चिकित्सा गौण. वास्तविक युक्लिड आपल्या पंडितांना अपरिचित नव्हता. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकाच्या आरंभीच तो अरबीवरून संस्कृतात आणला होता, पंधरा अध्याय आणि 478 साध्यांसह. पण हे 'रेखागणित' मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापून निघाले ते 1901–02 साली, म्हणजे हायस्कुलांतली पोरे इंग्रजी युक्लिड घोकून थकल्यावर!

परिभाषा मात्र आम्ही शास्त्रीबुवांचीच ठेवली, आणि तिथेच घोटाळा झाला. न्यायशास्त्रात धूर दिसणारा पर्वत हा पक्ष आणि त्याच्यावरचा अग्नी हे साध्य. भूमितीत दिलेली माहिती तेवढी पक्ष झाली. आणि लालबागेत 'पक्ष' म्हटल्यावर माझ्या विद्यार्थ्यांपुढे काय उभे राही, ते त्या वस्तीतले लाल बावटे पाहिलेल्या वाचकास सांगावयास नको. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली स्थापिलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे बिऱ्हाड, मानखुर्दला हलण्यापूर्वी, बरीच वर्षे नाना चौकातल्या म्युनिसिपल शाळेत होते. जर्व्हिसच्या सोसायटीचे एक आधारस्तंभ असलेल्या नाना शंकरशेटांच्याच नावाचा हा चौक. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांची भाषा सोपी करून पाहिली, तेव्हा मुलांची गाडी पुष्कळदा भाषेपाशीच अडते असे आढळून आले. हे वाचले त्या दिवशी मला माझ्या साचेवाल्याची आठवण झाली.

कारण त्याची अडलेली गाडी सुटली होती ती एका सरकारी थाटाच्या कागदाने. कापडात दोष निघाला म्हणून त्याला खात्याची 'कारणे दाखवा' नोटीस आली आणि तिचे उत्तर लिहून घेण्यासाठी तो शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी बसला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. “त्या पाळीला साचा माझ्याकडे होता, हे मान्य. बीम खराब होता, हे पाळी सुरू होतानाच जॉबरला सांगितलं; शेजारचा साचेवाला साक्षीला आहे.” कबूल तेवढेच कबूल, एकही दावा दाखल्यावाचून नाही, आणि पुढचे वाक्य मागच्याच्या खांद्यावर उभे! ज्याला तर्क शिकवावा म्हणून मी महिनाभर घसा कोरडा करीत होतो, त्याच्या कैफियतीत मला एक अक्षर बदलावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 'पक्ष' खोडून 'मान्य' लिहिले, 'साध्य' खोडून 'दावा' लिहिले, आणि डोळ्यांची साक्ष अग्राह्य ठरावी म्हणून त्रिकोण मुद्दाम वेडावाकडा काढला. व्यत्यासाचे प्रकरण तर भोंग्यावरच उरकले : संप असला की भोंगा वाजत नाही, हे खरे, मग भोंगा वाजला नाही म्हणजे संपच असला पाहिजे काय? “सुट्टी असंल की!” मागल्या बाकावरून आवाज आला, आणि विधान खरे असूनही त्याचा व्यत्यास खोटा असू शकतो हे मला पुन्हा सांगावे लागले नाही. हल्ली दहावीच्या चाळीस गुणांच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत सिद्धतेतल्या काही जागा चौकटी आखून रिकाम्या ठेवतात आणि 'कृती पूर्ण करा' म्हणतात. कच्च्या मुलाला आधार, एवढ्यापुरते ते ठीक. परंतु दुसऱ्याच्या जबानीत गाळलेले शब्द भरणाऱ्यास साक्षीदार कोण म्हणेल?

साचेवाल्याने आठवड्याभरात ते साध्य पुन्हा लिहून आणले. शिरोकोनाचा दुभाजक काढला. दोन बाजू समान, कारण ते मान्यच. दोन कोन समान, कारण दुभाजक. मधली बाजू सामाईक. सबब दोन्ही त्रिकोण एकरूप, कारण 'बाकोबा', म्हणजे बाजू-कोन-बाजू कसोटी. मी 'शाबास' लिहू लागलो तोच त्याने विचारले, “आणि सर, ह्या बाकोबाला कारण?”

मी जरा थबकलो. खुद्द युक्लिडने इथे एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला आहे. हा उचलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, ही तक्रार पुढे शतकानुशतके चालली, आणि अखेर 1899 साली हिल्बर्टने या कसोटीचा गाभा गृहीतकांतच घालून तो तंटा मिटविला. हे मी त्याला जमेल तसे सांगितले. “म्हणजे एकावर एक ठेवूनच पाहिलं म्हणा की,” असे म्हणून त्याने वहीच्या पानांत जपून ठेवलेला तो घडीचा कागदी त्रिकोण काढला आणि माझ्यापुढे उलगडून ठेवला. माझ्या लाल फुलीचा अर्धा पाय त्याच्यावर अजून दिसत होता.