घोडा खोडकर झाला? आधी दुखणे शोधा



दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारातून कोणी वरातीसाठी, कोणी टांग्यासाठी, तर कोणी हौसेखातर घोडे घरी आणतो. पहिले दिवस कौतुकात जातात. मग एखादे दिवशी तंग आवळताना घोडी चावायला धावते, लगाम दिसताच मान वर करते किंवा भर वरातीत उभी राहते. लगेच सल्ले सुरू होतात. ‘मस्ती चढली आहे, चंदी बंद करा.’ ‘भोवरा अशुभ आहे, विकून टाका.’ ‘चार फटके द्या, सुतासारखी सरळ येईल.’

यातला कोणताही सल्ला घाईने मानू नका. घोड्याला बोलता येत नाही. दुखले तर तो कान मागे पाडतो, चावतो, लाथ मारतो किंवा अडून बसतो. कालपर्यंत शहाणे असलेले जनावर आज खोड्या काढू लागले, तर त्याला काहीतरी दुखते आहे असेच आधी समजावे. दुखऱ्या जनावराला मारले की दुखणे तसेच राहते आणि त्यात माणसाची भीती भरते. अशा घोड्याची लाथ एखाद्या दिवशी घरातल्या पोराला लागते.

दुखणे कोठे असते?

दात : घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात आणि चघळताना झिजतात. झीज सारखी झाली नाही, तर कडांना धार येते आणि गाल व जीभ कापली जाते. अशा तोंडात लगाम घातल्यावर घोडा डोके झटकणारच. चघळताना घास बाहेर पडणे, लिदीत अख्खे दाणे दिसणे ही त्याची खूण. वर्षातून एकदा दात तपासून घ्यावेत.

पाठ व तंग : खोगीर काढून पाठीवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवा. अंग चोरले किंवा सूज, जखम, पांढरे केस दिसले, तर खोगीर बोचते आहे. काटेरी लगाम तर मुळीच वापरू नये. १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे.

खूर : खूर वाढले, नाल सैल झाली किंवा तळात खडा रुतला, की घोडा पाय टाकायला कचरतो. आपण त्याला अडेल म्हणतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला खूर दाखवावेत.

पोट : घोड्याचे जठर लहान असते व त्यात आम्ल सतत पाझरते. म्हणून त्याला थोडेथोडे पण वारंवार गवत-चारा लागतो. दिवसभर रिकाम्या पोटी बांधून दोन वेळा नुसती चंदी दिली, तर पोट दुखते. कंटाळलेला घोडा गव्हाणीची लाकडेही कुरतडू लागतो.

डोळे : एका डोळ्याने कमी दिसू लागले, की त्या बाजूने कोणी आले तर घोडा दचकतो. चांगल्या डोळ्यांच्या घोड्यालाही थेट मागचे दिसत नाही. म्हणून मागून कधीही मुकाट्याने जाऊ नये, आवाज द्यावा.

कोणाला विचारावे?

पहिला मान पशुवैद्यकाचा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. अवघड दुखणे असेल, तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा सल्ला डॉक्टरांमार्फत घेता येतो. दुसरा नालबंद. दोघांनीही दुखणे नाही असे सांगितले, तरच घोडे शिकवणाऱ्या जाणकाराकडे जावे. जाणकार खरा की नुसता बोलका, हे ओळखणे सोपे आहे. खरा माणूस आधी पुष्कळ विचारतो, घोड्याचे तोंड, पाठ व पाय पाहतो आणि मग लगामाला हात लावतो. आल्याआल्या चाबूक मागणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. ताशा-फटाक्यांची भीतीसुद्धा लांबून, हळूहळू सवय लावूनच जाते.

डॉक्टर येण्याआधी घरच्यांनी वहीत एवढे लिहून ठेवावे : खोड कधी सुरू झाली? कोणत्या कामाच्या वेळी होते? त्या सुमारास चारा, खोगीर, नाल, जागा किंवा राखणारा माणूस बदलला का? खाणे, लीद, पाणी नेहमीसारखे आहे का? घोडीला राखणारी बहुधा घरची बाई किंवा मुलगा असतो. बोलताना त्यांनाही पुढे बसवा. त्यांनी पाहिलेले असते ते मालकाला ठाऊक नसते. वेदनाशामक औषध स्वतःच्या मनाने देऊ नये.

एक धोक्याची सूचना

घोडा अचानक चवताळला, लाळ गाळू लागला, गिळता येईना, चाल लटपटू लागली, तर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची शंका घ्यावी. घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. माणसे व जनावरे दूर ठेवून डॉक्टरांना तातडीने कळवा. कोणाला तो चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर साबण व वाहत्या पाण्याने ती जागा पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हा रोग जडल्यावर इलाज नाही.

खोडकर म्हणून घोडा विकला, तर त्याचे दुखणे दुसऱ्याच्या दारात जाते. तिथेही लहान मुले असतात. म्हणून विकण्याचा विचार आला, तरी आधी एकदा त्याचे तोंड, पाठ आणि खूर तपासून घ्या.