हाताचे सिग्नल : आगगाडीचे जुने राखणदार

आगगाडीचा प्रवास ज्यांनी पूर्वी केला आहे, त्यांच्या कानांवरून ‘सिग्नल पडला’ हे शब्द पुष्कळदा गेले असतील. ते ऐकताच फलाटावरील उतारू आपापली बोचकी सावरून उभे राहत. कारण सिग्नल पडला याचा अर्थ गाडीस वाट मोकळी झाली, असा होता. रंगीत दिव्यांच्या सिग्नलात पडण्यासारखे काहीच नसते. हा शब्दप्रयोग ज्या सिग्नलावरून रूढ झाला, तो उंच खांबावर बसविलेल्या लांबट फळीचा सिग्नल होय. फळी आडवी असली म्हणजे ‘थांबा’, आणि खाली झुकली म्हणजे ‘चला’. या फळीस सिग्नलचा हात असे म्हणतात.

हा सिग्नल मूळचा ब्रिटनचा. तेथेच तो प्रथम उभा राहिला, तेथेच अपघातांतून त्यात सुधारणा झाल्या, आणि तेथे आजही काही ठिकाणी तो काम करताना दिसतो. तो कसा चालतो, त्याच्या रचनेतील प्रत्येक भागास कोणते कारण आहे आणि तो कोठे पाहावयास मिळतो, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

चिन्हवाहक खांब

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते, तेव्हा त्या दोहोंत घर्षण फारच थोडे असते. थोड्या शक्तीने मोठे ओझे ओढता येते, हा त्याचा लाभ. पण वेगात असलेली गाडी लवकर थांबत नाही, हा त्याचा धोका. ड्रायव्हरला जेवढे अंतर पुढचे दिसते, त्यापेक्षा गाडी थांबण्यास लागणारे अंतर अनेकदा जास्त असते. म्हणून पुढची वाट मोकळी आहे की नाही, हे त्यास दुसऱ्या कोणीतरी आधी सांगावे लागते.

आरंभीच्या काळात ब्रिटनमध्ये हे काम रेल्वेचे पोलीस करीत. रुळाकडेला उभे राहून ते हातांनी खुणा करीत आणि एक गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटे लोटली की दुसरीस जाऊ देत. ब्रिटनमधील सिग्नलवाल्यांस ‘बॉबी’ म्हणण्याचा प्रघात तेव्हापासूनचा; कारण ‘बॉबी’ हे तेथील पोलिसाचे टोपणनाव होते.

माणसाच्या हाताऐवजी खांबाचा हात वापरण्याची कल्पना रेल्वेपूर्वीची आहे. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने उंच मनोऱ्यांवर हलते हात बसवून दूरवर संदेश धाडण्याची योजना आखली, आणि १७९४ साली पॅरिस व लील या शहरांमधील मनोऱ्यांची साखळी सुरू झाली. अशा यंत्रास पुढे ‘सेमाफोर’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेतील दोन शब्दांपासून ते बनले असून त्याचा अर्थ ‘चिन्हवाहक’ असा होतो. १८४० च्या दशकाच्या आरंभी चार्ल्स हटन ग्रेगरी या अभियंत्याने लंडनजवळील न्यू क्रॉस येथे, लंडन अँड क्रॉयडन रेल्वेवर, असा हात प्रथम रेल्वेच्या कामी लावला.

बर्फाने गोठलेला हात

आरंभीच्या बहुतेक सिग्नलांत लाकडी खांबास उभी खाच पाडलेली असे व हात त्या खाचेत फिरत असे. मोकळी वाट दाखवावयाची झाली, की हात खाली जाऊन खाचेत दडे. शिवाय सिग्नल एरवी ‘चला’ या स्थितीत ठेवावयाचा आणि गरज पडली तरच ‘थांबा’ दाखवावयाचा, अशी वहिवाट होती. या दोन्ही गोष्टींतील दोष एकाच दिवशी उघड झाला.

२१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील हंटिंग्डनजवळ, ॲबट्स रिप्टन येथे, बर्फाचे वादळ चालू होते. कोळशाची एक मालगाडी पुढे जात होती आणि मागून स्कॉटलंडहून लंडनकडे जाणारी जलद गाडी येत होती. जलद गाडीस वाट देण्यासाठी मालगाडी बाजूच्या रुळावर घेणे जरूर होते. सिग्नलवाल्यांनी आपल्या तरफा ‘थांबा’वर टाकल्या; परंतु खाचांत बर्फ गच्च भरून गोठल्यामुळे हात वर आलेच नाहीत. ड्रायव्हरला वाट मोकळी असल्याची खूण दिसत राहिली. मालगाडी अद्याप रूळ सोडीत होती, तोच जलद गाडी तिच्यावर आदळली. त्यानंतर थोड्याच वेळात समोरून येणारी दुसरी जलद गाडी त्या मोडतोडीत घुसली. दहाहून अधिक प्रवासी प्राणांस मुकले.

सिग्नलवाल्याने कर्तव्य चुकविले नव्हते; यंत्राने त्याचा निरोप पोहोचविला नव्हता. चौकशीनंतर दोन बदल झाले. सिग्नलाची नेहमीची स्थिती ‘थांबा’ ही ठरली. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने खाचेची रचना सोडून खांबापासून थोडा दूर, मध्यावर तोललेला हात घेतला. तो झुकताना कोलांटी घेतल्यासारखा दिसे, म्हणून त्यास ‘समरसॉल्ट’ म्हणजे कोलांटी-सिग्नल हे नाव पडले.

याहून भयंकर अपघात १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथे झाला. सहलीस निघालेल्या मुलांची गाडी चढावर अडकली. तिचे डबे दोन भागांत तोडण्यात आले. पण पुरेसे ब्रेक नसल्याने मागचे डबे उतारावरून घसरत गेले आणि ठरावीक मिनिटांनंतर मागून सोडलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे दगावली आणि त्यांत पुष्कळ मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या केल्या : प्रवासी गाडीच्या सर्व डब्यांस एकत्र लागणारे ब्रेक, सांधे व सिग्नल यांचा परस्परबंध, आणि रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. मिनिटे मोजून गाडी सोडण्याचा काळ तेथे संपला.

तार, वजन आणि तरफ

हाताचा सिग्नल विजेवाचून चालतो. केबिनमध्ये उंच तरफांची रांग असते. सिग्नलवाला तरफ ओढतो, तेव्हा रुळाकडेने कप्प्यांवरून गेलेली पोलादी तार ताणली जाते आणि दूरवरचा हात हलतो. हाताच्या दुसऱ्या टोकास रंगीत काचांची जड चौकट व खाली वजन असते. तार तुटली, तर हे वजन हातास आडवा करते. याचा अर्थ असा, की यंत्र बिघडले तरी गाडी थांबावी; बिघाडामुळे ती पुढे जाऊ नये. पुढे १९२० नंतरच्या काळात ब्रिटनमधील बहुतेक रेल्वेंनी वर उचलला जाणारा हात स्वीकारला. तो स्वतःच्या भारानेच खाली येऊन ‘थांबा’ दाखवितो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने मात्र खाली झुकणारा हात अखेरपर्यंत सोडला नाही.

तारेच्या लांबीचाही प्रश्न असतो. उष्णतेने पोलाद प्रसरण पावते. एक किलोमीटर लांबीची तार ३० अंश सेल्सियसने तापली, तर ती सुमारे ३६ सेंटिमीटर वाढते. सकाळी नीट ओढली जाणारी तार दुपारी ढिली पडते, आणि हात अर्धवटच हलतो. म्हणून केबिनमध्ये तार ताणून घेण्याची सोय ठेवावी लागते.

परस्परबंध ही या यंत्रणेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जॉन सॅक्सबी याने १८५६ साली सांधे व सिग्नल एकत्र बांधण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. तरफांच्या खाली लोखंडी पट्ट्या अशा बसविलेल्या असतात, की सांधा योग्य बाजूस वळल्याखेरीज त्या वाटेच्या सिग्नलाची तरफ हलतच नाही. आणि सिग्नल दिल्यावर सांधा बदलता येत नाही. माणूस विसरला तरी लोखंड विसरत नाही. तरफांस रंग दिलेले असतात : थांबण्याच्या सिग्नलास तांबडा, दूरच्या सिग्नलास पिवळा, सांध्यास काळा, कुलपास निळा. तरफ ओढताना सिग्नलवाला हातात फडके धरतो, ते घामाने मुठीस गंज चढू नये म्हणून.

काचेचे रंग

रात्री हात दिसत नाही, म्हणून त्याच्या काचांमागे तेलाचा दिवा ठेवीत. प्रथम तांबडा म्हणजे ‘थांबा’ आणि पांढरा म्हणजे ‘चला’ अशी खूण होती. परंतु तांबडी काच फुटली, तर आतला उघडा दिवा पांढराच दिसणार आणि धोक्याच्या जागी ‘चला’ असा निरोप जाणार. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याच्या जागी हिरवा रंग आला. चौकटीतील ‘हिरवी’ काच प्रत्यक्षात निळसर असते. तेलाच्या ज्योतीचा पिवळसर प्रकाश तीतून गेला, की तो हिरवा दिसतो. दूरचा सिग्नल पुढच्या सिग्नलाची आगाऊ सूचना देतो. त्याच्या हातास माशाच्या शेपटीसारखी खाच असते, आणि ब्रिटनमध्ये १९२० नंतरच्या काळात त्यास पिवळा रंग मिळाला.

आज हे सिग्नल कोठे आहेत

इंग्लंडमधील श्रूसबरी स्थानकाशेजारी सेव्हर्न ब्रिज जंक्शन ही केबिन आहे. १९०३ साली बांधलेल्या या केबिनमध्ये १८० तरफांची सोय असून हाताने चालणारी ही जगातील सर्वांत मोठी कार्यरत केबिन समजली जाते. सर्वच तरफा आता वापरात नाहीत. तथापि फलाटावरून केबिन आणि तिचे झुकणारे हात पाहता येतात.

यॉर्कशरमधील स्कारबरो येथे रुळांवर आडव्या बांधलेल्या पुलावर अनेक हातांचा समूह होता. २०१० साली तो कामातून काढण्यात आला. पण मोडीत न घालता नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वेच्या ग्रोसमंट स्थानकाजवळ पुन्हा उभारण्यात आला. ही रेल्वे, तसेच सेव्हर्न व्हॅली व ब्लूबेल या जतन केलेल्या रेल्वे, यांवर जुन्या इंजिनांसाठी जुनेच सिग्नल ओढले जातात. लंडनच्या उत्तरेस सेंट ऑल्बन्स येथील १८९२ सालची केबिन स्वयंसेवकांनी दुरुस्त केली असून तेथे लोकांस तरफ ओढून पाहता येते. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातही सिग्नलांचा संग्रह आहे. २०१३ साली इंग्लंडमधील २६ सिग्नल-केबिनांस संरक्षित वास्तूंचा दर्जा देण्यात आला.

भारतातील हात

भारतीय रेल्वेने ब्रिटिश पद्धत घेतली. सॅक्सबी आणि फार्मर यांच्या नावाची कंपनी कलकत्त्यात होती. स्टेशनाच्या हद्दीबाहेरचा ‘आउटर’, आतला ‘होम’ आणि माशाच्या शेपटीचा ‘वॉर्नर’ ही नावे रेल्वेच्या वस्त्यांत घरोघर ठाऊक होती. ‘गाडी आउटरला थांबली’ हे वाक्य तर आजही ऐकू येते. रंगीत दिव्यांच्या स्वयंचलित सिग्नलांचा आरंभही येथे लवकर झाला : १९२८ साली मुंबईत, बोरीबंदरचे स्थानक व भायखळा यांच्या दरम्यान. पुढे विजेची परस्परबंध यंत्रे आली, आणि मुख्य मार्गांवरील हात एकेक करून उतरले.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात जुनी रेल्वेसामग्री जतन केली आहे. जिज्ञासूंनी तेथे आधी जावे. छोट्या स्थानकांच्या आवारात काढून ठेवलेला एखादा खांबही कधी दृष्टीस पडतो. तो पाहावयाचा असल्यास फलाटावरूनच पाहावा; रुळांत कधीही उतरू नये. पाहताना चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : हात खाली झुकणारा आहे की वर उचलणारा, टोक सरळ आहे की खाचेचे, काचांचे रंग कोणते, आणि वजन कोणत्या बाजूस आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सापडले, की तार तुटली असता हा खांब गाडीस काय सांगेल, हे विद्यार्थ्यास स्वतःच सांगता येईल.