हमीपत्र कोणाच्या नावाचे?

पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार जोडी घ्यायची झाली, तर आपला शेतकरी दात पाहतो, चाल पाहतो, आणि सौदा ठरल्यावर पावती मागून घेतो. कॅमेरा घेताना मात्र तोच चोखंदळ माणूस किमतीपुढे काही विचारत नाही. लग्नसराईवर पोट भरणारा तरुण असो, कासची फुले टिपू पाहणारे गुरुजी असोत, की स्नेहसंमेलनासाठी वर्गणी जमविणारी शाळा असो. "मुंबईला हाच कॅमेरा स्वस्त मिळतो," असे सांगणारा कोणीतरी भेटतोच.

या मालाला व्यापारी 'ग्रे मार्केट'चा माल म्हणतात. हा बाजार धड पांढरा नाही आणि पुरता काळाही नाही. कॅमेरा नकली नसतो. तो कंपनीचाच असतो. पण कंपनीने तो जपान, हाँगकाँग किंवा दुबईच्या गिऱ्हाइकांसाठी पाठविलेला असतो, आणि तिच्या भारतीय शाखेला वगळून दुसराच कोणी तो इकडे आणतो. सीमाशुल्क चुकवून आणला, तर ती उघड चोरटी आयात झाली. पण शुल्क भरून आणला, तर काय? सॅमसंगच्या प्रिंटरांच्या खटल्यात, ऑक्टोबर २०१२ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अशी आयात व्यापारचिन्हाच्या कायद्याविरुद्ध नाही, असे ठरविले. मात्र त्याबरोबर एक अट घातली. माल परस्पर आयात केलेला आहे, त्यावर कंपनीची हमी नाही, दुरुस्तीची जबाबदारी विकणाऱ्याचीच आहे, असा फलक दुकानात ठळकपणे लावावा.

सगळी मेख त्या फलकात आहे. कंपनीची शाखा दुरुस्ती केंद्रे चालविते, सुटे भाग साठविते. तो खर्च किमतीत धरलेला असतो. परस्पर माल आणणाऱ्याला तो खर्च नसतो, म्हणून त्याला स्वस्त देणे परवडते. म्हणजे आपण किंमत कमी देतो आणि हमीही सोडून देतो.

पूर्वीचा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा एखादा हुन्नरी कारागीर उघडून पाहू शके. आजच्या कॅमेऱ्यात सेन्सर, शटर आणि आतला संगणक यांची बारीक जुळणी असते, आणि सुटे भाग बहुधा कंपनीकडूनच यावे लागतात. केंद्रात सिरियल नंबर पाहताच माल कोणत्या देशासाठी होता, ते कळते. मग फुकट दुरुस्ती मिळत नाही. पैसे घेऊन करायची की नाही, हेही कंपनीच ठरविते. जपानी बाजारातल्या काही कॅमेऱ्यांची तर सूचनांची भाषाही फक्त जपानी असते.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. एक, खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी दूरध्वनी छापलेला आहे ना? वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांनुसार तो छापावाच लागतो. दोन, खोका, कॅमेरा, बिल आणि हमीपत्र यांवरचा नंबर एकच आहे ना? तोच नंबर भारतीय शाखेला कळवून खात्री करून घ्यावी. तीन, हमी कंपनीची की दुकानदाराची? दुकानदाराची असेल, तर दुरुस्ती कोठे होणार आणि जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे. चार, जीएसटीचे पक्के बिल.

बिलाचे महत्त्व पुढे कळते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दुकान मुंबईचे असले, तरी सातारकराला साताऱ्याच्या आणि सांगलीकराला सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी कॅमेरा घेणारा छायाचित्रकारही या कायद्याने ग्राहकच ठरतो. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. पण हातात बिल नसेल, तर खरेदी झाली हेच सिद्ध करताना नाकीनऊ येतात.

हे सर्व समजून-उमजून कोणी स्वस्त माल घेतला, तर तो त्याचा व्यवहार. त्याने वाचलेले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. पण ज्याचा संसार एकाच कॅमेऱ्यावर चालतो, त्याने ऐन लग्नसराईत तो बंद पडला तर किती मुहूर्त हातचे जातील, याचा हिशेब आधी मांडावा आणि मगच किंमत विचारावी.