खडूची रेघ

सकाळी ग्रीस मारायचं आणि दुपारी पाहावं तर डावी चेन पुन्हा लोंबलेली. हिंगणघाटकडच्या एका शेतात बांधबंदिस्तीच्या कामावरचा जुना डोझर तीन दिवस असाच छळत होता. ऑपरेटरला वाटत होतं, ग्रीसच भेसळीचं आहे.

वर्ध्याहून आलेल्या मिस्त्रींनी पान्याला हात लावायच्या आधी पाण्याचा टँकर मागवला. "चेन धू आधी. चिखलाचं टेन्शन मोजून राह्यला का बे?"

त्यात तथ्य होतं. अवकाळी पावसानंतरची काळी माती स्प्रॉकेटच्या दातांत ठासून बसते आणि चेन विनाकारण ताणते. गंमत अशी, की हे यंत्र जन्मलं ते मऊ जमिनीसाठीच. 1904 साली कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्टने वाफेच्या ट्रॅक्टरची रुतणारी चाकं काढून त्या जागी लाकडी पट्ट्यांच्या साखळ्या बसवल्या, तिथून ही चेन आली.

चेन धुतल्यावर मिस्त्रींनी वरच्या रोलरपासून पुढच्या आयडलरपर्यंत शू प्लेटांवर सरळ पट्टी आडवी ठेवली. मधला झोळ दीड बोट, म्हणजे 20 ते 30 मिलिमीटर हवा. इथे चार बोटं सहज जात होती.

या डोझरचा ऍडजस्टर म्हणजे ग्रीसचा सिलिंडर. निप्पलमधून ग्रीस दाबलं की दट्ट्या आयडलरला पुढे ढकलतो, चेन ताणली जाते. मागची जाडजूड स्प्रिंग दगडाधोंड्याचा धक्का पचवते. ग्रीस सोडायचा प्लग वेगळा असतो. तो एका वेढ्याहून जास्त कधी फिरवायचा नाही आणि समोर तोंड नेऊन तर मुळीच नाही. आतल्या दाबाने ग्रीस कातडी भेदून शिरतं, प्लग गोळीसारखा सुटतो. हे सांगताना मिस्त्रींनी हेल्परचा दंड धरून त्याला दोन पावलं मागे ओढलं.

प्लग पुसून पाहिला, कोरडा. निप्पलही कोरडं. मग त्यांनी ग्रीस मारून चेन ताणली, खिशातून खडू काढला आणि आयडलरच्या दांड्यावर, फ्रेमच्या काठाशी एक रेघ ओढली. "आता रिव्हर्स घे. पातं खाली ठेवून, जोर लावून."

रिव्हर्सच का, ते मला नंतर उमगलं. पुढे जाताना स्प्रॉकेट जमिनीवरची चेन ओढतो, वरची बाजू सैल राहते. मागे येताना सगळा ताण वरून आयडलरला वळसा घालून जातो, त्यामुळे ऍडजस्टरची खरी परीक्षा तेव्हाच होते. रेघ जागेवर राहून चेन लोंबती, तर दोष पिन-बुशच्या झिजेचा ठरला असता. पण रेघ इंचभर आत गेली होती.

फ्रेमवरचं झाकण खोललं. तीन दिवसांचं ग्रीस आत गोळा होऊन पडलेलं. दट्ट्याचं सील फाटलं होतं. बाहेर थेंब नाही, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

"ग्रीसले काहून शिव्या देता? ते बिचारं घरातच होतं," मिस्त्री म्हणाले.

सील नागपूरहून यायला दीड दिवस लागला. मास्टर पिन ठोकून चेन उघडली, आयडलर पुढे ओढला, दट्ट्या बाहेर आला. स्प्रिंगला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. कित्येक टनांनी दाबलेली ती, वर्कशॉपमधल्या प्रेसखाली असेल तरच खोलायची. सिलिंडरच्या आतून बोट फिरवून चरे नाहीत याची खात्री केली, तीही दोनदा.

जोडणी झाल्यावर पुन्हा रेघ, पुन्हा रिव्हर्स. रेघ हलली नाही. तरी मिस्त्रींनी प्लग किंचित ढिला करून थोडं ग्रीस सोडलं, चेन अर्धं बोट सैल केली आणि आभाळाकडे मान करून म्हणाले, "संध्याकाळी पुन्हा चिखल होते."