लाल झेंडा आणि कालचं पाणी

बॉस्टनच्या हर्टर पार्क या सार्वजनिक बागेतून चार्ल्स नदीत उतरता येतं. काठावर भाड्याने कयाक मिळते. लाइफ जॅकेट घालायचं, वल्हं उचलायचं आणि निघायचं. पण निघण्याआधी झेंडा बघायचा. उन्हाळ्यात या नदीवर नौकाविहार करणाऱ्यांसाठी झेंडे लावतात. निळा असेल तर खुशाल जा. लाल असेल तर पाण्यात रोगजंतूंचा धोका असू शकतो.

झेंडा ठरतो कसा? मला वाटायचं, सकाळी नमुना घेतला, तपासला, झेंडा लावला. इथेच तर गोची आहे.

सांडपाणी मिसळलंय का, हे कळण्यासाठी ई. कोलाय जिवाणू मोजतात. नमुना उबवणीयंत्रात ठेवून ते वाढायची वाट बघावी लागते. यात साधारण 24 तास जातात. म्हणजे आज हातात आलेला आकडा कालच्या पाण्याचा!

मग कारणाकडे वळायचं. शहराच्या काही जुन्या भागांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहतं. जोराचा पाऊस झाला की नळ भरतात आणि जादा पाणी नदीत जातं. पाऊस मात्र लगेच मोजता येतो. म्हणून जुन्या नमुन्यांची पावसाशी सांगड घालून मॉडेल बनवतात आणि आजचा धोका वर्तवतात. 1965 साली स्थापन झालेली चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन हे काम करते.

मॉडेल दोन प्रकारे चुकतं. पाणी चांगलं असताना लाल झेंडा लागला तर कुणाचा तरी रविवार फुकट जातो. पाणी खराब असताना निळा लागला तर कुणीतरी आजारी पडू शकतं. 1995 मध्ये या नदीला 'डी' श्रेणी मिळाली होती. आता बहुतेक दिवस पाणी नौकाविहारासाठी योग्य असतं. त्यामुळे डोळे झाकून रोज निळा झेंडा लावणारं मॉडेलसुद्धा 'अचूक' ठरेल!

माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी अशीच अचूकता मिरवली होती. सरांनी एवढंच विचारलं, "चुकलं ते नेमकं कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा प्रपोजल लिहिण्याआधी तीन ओळी लिहून काढा: तुमच्या मोजमापावरून कोण काय ठरवणार, आकडा त्याच्या हातात वेळेवर पडणार का, आणि तुमची कुठली चूक कुणाला महागात पडणार. तिसरी ओळ सगळ्यात अवघड. सुरुवात तिथूनच करा.